मुलांसोबत पहिल्या चार कोंबड्या: परवानगीपासून अंड्यापर्यंत, पायरीपायरीने

आमच्या घरी पहिली पिल्लं आली ती मुलीच्या आठव्या वाढदिवसाची भेट म्हणून. पुठ्ठ्याचं खोकं, तळाला गुळगुळीत वर्तमानपत्र, वाटीभर पाणी आणि मूठभर दाणे. उबेची काही सोय नव्हती. तिसऱ्या दिवसापर्यंत सहापैकी दोन पिल्लं गेली आणि एकाचे पाय दोन बाजूंना असे फाकले की त्याला उभंच राहता येईना. मुलगी खोक्याशेजारी बसून पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "त्याला काय हवंय?" मला सांगता आलं नाही.

त्यानंतर वर्षभर मी वाचत, विचारत आणि पाळणाऱ्यांकडे जाऊन बघत राहिले. मग पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी ती टिकली. आता मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ दोघंही कोंबड्यांचं काम करतात. कोणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट सांगते: कोंबड्या मुलाला आणून देऊ नका. कोंबड्यांची जबाबदारी घरातल्या एका मोठ्या माणसाने घ्यायची आणि त्या कामातला एक खरा, रोजचा तुकडा मुलाच्या हाती द्यायचा. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. शाळेत हा उपक्रम करणाऱ्या शिक्षकांनाही हेच लागू आहे, फक्त सुट्टीच्या दिवशी पाणी कोण देणार ते आधी ठरवावं लागतं.

१. आधी परवानगी, मग पिल्लं

तुम्ही राहता त्या भागात कोंबड्या पाळायला परवानगी आहे का, किती पाळता येतात, कोंबडा चालतो का, हे तुमच्या स्थानिक प्रशासनाकडे विचारून घ्या. बऱ्याच वस्त्यांमध्ये कोंबड्या चालतात, पण आरवणारा कोंबडा चालत नाही. शेजाऱ्यांना आधी सांगा. वास आणि आवाज याबद्दलची तक्रार पहिल्याच आठवड्यात येते, आणि तोपर्यंत मुलांनी पिल्लांना नावं ठेवलेली असतात.

एका फाइलमध्ये हे कागद ठेवा:

- परवानगी किंवा नियमांची प्रत. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी संमती
- पिल्लं कुठून, कोणत्या तारखेला घेतली त्याची पावती
- कोणत्या लसी झाल्या आणि कोणत्या बाकी आहेत त्याची नोंद
- पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याचा फोन नंबर (सगळे पशुवैद्य कोंबड्या बघत नाहीत, म्हणून हा आधीच शोधून ठेवा)
- शाळेचा उपक्रम असेल तर पालकांची संमती आणि कोणत्या मुलाला दमा, पिसांची किंवा धुळीची ॲलर्जी आहे त्याची यादी

२. वय बघून काम ठरवा

इथे घाई झाली की पुढे सगळंच बिघडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पाच वर्षांखालच्या मुलांनी पिल्लांना किंवा कोंबड्यांना हात लावू नये. कारण तिसऱ्या पायरीत येईल. त्यांनी जाळीबाहेरून बघावं, मोजावं, कोणती कोंबडी कोणती ते ओळखावं. त्या वयात तेवढंही पुष्कळ असतं. माझा मुलगा चार वर्षांचा असताना रोज संध्याकाळी "चारही आल्या" असं ओरडून सांगायचा, आणि ते काम खरं होतं. एकदा तीनच मोजल्या म्हणून आम्ही शोधायला गेलो तेव्हा चौथी कुंपणात अडकलेली सापडली.

पाच ते सात वर्षांच्या मुलाला पाण्याचं भांडं भरायला द्या आणि मोठ्यांसोबत अंडी गोळा करू द्या. आठ ते अकरा या वयात खाद्य तोलणं, वही ठेवणं, अंड्यांवर पेन्सिलीने तारीख घालणं छान जमतं. बाराच्या पुढे मूल खुराडं साफ करू शकतं, खाद्य कधी संपेल याचा अंदाज बांधू शकतं, आणि काही निर्णयही घेऊ शकतं.

एका मुलाला एकच काम द्या आणि ते महिनाभर तेच ठेवा. रोज बदललं की कोणाचंच राहत नाही.

आता सापळा. मूल विसरणार. माझी मुलगीही विसरली. अशा वेळी "तिचं काम आहे, तिलाच शिकू दे" म्हणून भांडं कोरडं ठेवू नका. मुलाच्या विसरण्याची शिक्षा कोंबडीने भोगता कामा नये. मी रोज एक फेरी गुपचूप मारते. भांडं रिकामं दिसलं तर मुलीला हाक मारते आणि तिच्याकडूनच भरून घेते.

धरायचं कसं हेही शिकवा. मुलाने आधी जमिनीवर बसावं. दोन्ही तळव्यांनी पंख अंगाशी मिटवून कोंबडी उचलायची, मग एक हात छातीखाली सरकवून तिला हाताशी टेकवायचं. पंखाला किंवा पायाला धरून कधीही उचलायचं नाही, आणि पाठलाग तर मुळीच करायचा नाही. कोंबड्यांना अंधारात नीट दिसत नाही, म्हणून दिवेलागणीला त्या शांत असतात. पहिली ओळख त्या वेळी करून द्या.

३. साबणाची सवय

दिसायला धडधाकट कोंबडीच्याही विष्ठेत, पिसांवर आणि पायांवर साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. माणसाला त्यांच्यामुळे ताप, जुलाब, पोटात कळा येतात, आणि लहान मुलांना, गरोदर बाईला, म्हाताऱ्या माणसांना हा आजार जड जातो. म्हणून पाच वर्षांखालच्यांना दूर ठेवायचं.

नियम थोडेच आहेत, पण त्यांत सूट नाही. कोंबडीला, अंड्याला, भांड्याला हात लागला की साबणाने वीस सेकंद हात धुवायचे. पिल्लाचा पापा घ्यायचा नाही, ते गालाला लावायचं नाही. खुराड्यात काही खायचं-प्यायचं नाही. खुराड्याच्या चपला वेगळ्या, आणि त्या घरात येणार नाहीत. कोंबड्यांची भांडी स्वयंपाकघरात धुवायची नाहीत. आम्ही खुराड्याच्या दारालाच पाण्याचा डबा आणि साबण टांगला. घरात येऊन हात धुवायचे म्हटलं की वाटेतच मुलं डोळे चोळतात.

४. खुराडं पिल्लांच्या आधी तयार हवं

पिल्लं खोक्यात मावतात म्हणून खुराड्याचं काम पुढे ढकललं जातं, आणि सहा आठवड्यांत ती खोक्याबाहेर उड्या मारू लागतात. चार कोंबड्यांसाठी आत प्रत्येकी तीन ते चार चौरस फूट आणि बाहेर फिरायला प्रत्येकी आठ ते दहा चौरस फूट जागा धरा. एकटी कोंबडी कधी ठेवू नका. हा कळपाने राहणारा पक्षी आहे. निदान तीन तरी हव्यात.

आत काय हवं:

- बसायला आडवी दांडी, प्रत्येकीला वीस ते पंचवीस सेंटीमीटर लांबी मिळेल अशी, आणि अंडी घालायच्या खोक्यांपेक्षा उंचावर. कोंबड्या सगळ्यात उंच जागी झोपतात. खोकं उंच ठेवलं तर त्या खोक्यातच झोपून घाण करतात.
- अंडी घालायचं खोकं, साधारण एक फूट लांब-रुंद-उंच, जरा अंधारं. चार-पाच कोंबड्यांना एक पुरतं
- डोक्याच्या वरच्या उंचीवर हवा खेळायला झरोके. झोपेत अंगावर वारा येऊ नये, पण अमोनियाचा वासही कोंडू नये
- जमिनीवर लाकडाच्या भुश्याची किंवा तुसाची चार बोटं जाड गादी
- कोरड्या मातीचा एक कोपरा, कारण कोंबडी धुळीत लोळून अंग साफ करते आणि त्याने पिसांतल्या उवा कमी होतात

जाळीबद्दल सगळ्यात जास्त फसगत होते. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण शिकारी प्राण्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो, घूस भोकातून आत येते. अर्ध्या इंचाच्या भोकांची, सांधे जोडलेली लोखंडी जाळी घ्या आणि ती जमिनीत फूटभर पुरा. वरूनही झाका, कारण घार वरून येते. दाराला नुसती खिट्टी पुरेशी नाही. वर एक आकडा लावा. रात्री दार लावणं हे मोठ्या माणसाचं काम. ते मुलावर सोपवू नका, कारण ती चूक एकदाच होते आणि भरून निघत नाही.

५. पिल्लं आणायची की तलंगा?

तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. पहिल्यांदाच पाळत असाल तर सोळा आठवड्यांच्या तलंगा आणा असं मी सांगेन. उबेची भानगड नाही, नर-मादीचा घोळ नाही, आणि महिना-दीड महिन्यात पहिलं अंडं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या धीराला हा काळ झेपतो. एका दिवसाच्या पिल्लापासून पहिल्या अंड्यापर्यंत जायला अठरा ते बावीस आठवडे लागतात, जातीनुसार आणखीही.

पिल्लं वाढताना बघण्यात जी गंमत आहे ती मात्र तलंगांत नाही. मुलांना तीच हवी असेल तर मादी म्हणून निवडलेली पिल्लं घ्या, आणि त्यांतही एखादा नर निघेल हे गृहीत धरा. मरेक्स या रोगाची लस अंड्यातून बाहेर आल्याच्या दिवशीच देतात, म्हणून ती टोचली आहे का ते विकत घेतानाच विचारा.

घरी अंडी उबवण्याचा मोह पहिल्या वर्षी टाळा. एकवीस दिवस ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता राखणं, अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवत राहणं, शेवटच्या तीन दिवसांत दमटपणा वाढवणं, हे जमू शकतं. पण निम्म्याच्या आसपास पिल्लं नर निघतात. त्या नरांचं काय करायचं याचं उत्तर हाती नसताना वर्गात किंवा घरात उबवणी यंत्र लावू नका. शाळांमध्ये हे वारंवार घडताना मी पाहिलं आहे: पिल्लं निघतात, टाळ्या वाजतात, आणि दोन महिन्यांनी आरवणारे कोंबडे कोणालाच नको असतात.

६. पिल्लांचे पहिले सहा आठवडे

आमची पहिली पिल्लं गेली ती इथेच. पिल्लाच्या अंगावर लव असते, पिसं नसतात. आईच्या पंखाखालची ऊब आपल्याला द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी, पूर्ण पिसं येईपर्यंत. ही ऊब ब्रूडरच्या, म्हणजे पिल्लांच्या उबदार खोक्याच्या, एकाच टोकाला दिवा लावून द्यायची, म्हणजे ज्याला गरम होतं तो दुसरीकडे जाईल.

थर्मामीटर ठेवाच, पण पिल्लांकडे बघायला शिकवा. दिव्याखाली एकमेकांवर चढून कलकलाट करत असतील तर थंडी वाजतेय. चोच उघडी, पंख सैल, दिव्यापासून लांब पळालेली असतील तर उकडतंय. पसरून खातायत, पितायत, मधेच डुलकी घेतायत, म्हणजे सगळं ठीक. माझ्या मुलीने याची तीन चित्रं काढून ब्रूडरवर चिकटवली होती, आणि एका रात्री दिवा गेल्याचं तिनेच ओळखलं. "त्याला काय हवंय?" या तिच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर तिला आता पिल्लाकडे बघूनच मिळत होतं.

दिवा साखळीने बांधा, शिवाय दुसरी दोरीही लावा. भुश्यावर पडलेल्या गरम दिव्याने आग लागते. उब देणारी बंदिस्त पाटी मिळाली तर ती अधिक सुरक्षित.

तळाला वर्तमानपत्र घालू नका. गुळगुळीत पृष्ठभागावर पाय घसरतात आणि कोवळे सांधे फाकून तसेच राहतात. पहिले काही दिवस खरखरीत कापड, मग भुसा. पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात गोट्या किंवा स्वच्छ खडे टाका, कारण पिल्लू दोन बोटं पाण्यातही बुडतं. घरी आणल्यावर प्रत्येकाची चोच एकदा हळूच पाण्यात बुडवून दाखवा. अंड्यातून निघताना पिल्लाने बलक पोटात ओढून घेतलेला असतो. त्यावर ते दोन दिवस तग धरतं, म्हणूनच ते दूरवर पाठवता येतं. पण घरी पोचल्यावर पहिली गरज पाण्याची.

रोज सकाळी प्रत्येक पिल्लाचं बूड बघा. विष्ठा चिकटून सुकली असेल तर वाट बंद होते आणि पिल्लू दगावतं. कोमट पाण्याने भिजवून पुसून काढा, ओढू नका. हे काम मोठ्यांनी करावं, मुलांनी बघावं.

७. खाद्य आणि पाणी

"कोंबडी काहीही खाते" हे खरं आहे, पण काहीही खाऊन ती अंडी देत नाही. डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमन १८९०च्या दशकात जावा बेटावर बेरीबेरी या आजाराच्या कारणाचा शोध घेत असताना त्यांच्या कोंबड्या पाय लुळे पडून आजारी झाल्या. त्या नुसत्या पॉलिश केलेल्या तांदळाच्या भातावर होत्या. कोंड्यासकटचा तांदूळ मिळाल्यावर त्या सुधारल्या. त्या निरीक्षणातून जीवनसत्त्वांच्या शोधाची वाट निघाली आणि आइकमन यांना १९२९ साली नोबेल मिळालं. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. उरलंसुरलं अन्न म्हणजे खाद्य नव्हे हे त्यांना मग वेगळं सांगावं लागत नाही.

पिल्लांना चिक स्टार्टर हे तयार खाद्य, त्यात साधारण २० टक्के प्रथिनं. मग वाढत्या वयाचं ग्रोअर खाद्य. अंड्यावर यायच्या सुमाराला लेयर खाद्य, त्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम. लेयर खाद्य पिल्लांना घालू नका. एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाते आणि त्याच्या जवळपास दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. चार कोंबड्यांना रोज एक लिटर पाणी धरा आणि उन्हात दुप्पट ठेवा. काही तास पाणी मिळालं नाही तरी अंड्यांवर परिणाम दिसतो, म्हणून पाण्याचं काम लहान समजू नका.

हिरवा पाला, किडे, धान्य हे वरचं खाणं. एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. बुरशी आलेलं काहीही नको, खारट नको, चॉकलेट नको, ॲव्होकॅडो नको, कच्ची कडधान्यं नकोत. कोंबडीला दात नसतात. पोटातल्या पेषणी नावाच्या जाड स्नायूच्या पिशवीत ती दाणे दळते, आणि त्यासाठी तिला बारीक खडे गिळावे लागतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. तो कवचासाठी आहे, खडे दळणासाठी, दोन्ही लागतात.

८. अंडं कसं होतं, हे मुलांना खरंखरं सांगा

मुलं पहिला प्रश्न विचारतात: "यातून पिल्लू निघेल का?" कोंबडा नसेल तर नाही. कोंबडी अंडी कोंबड्याशिवायही घालते, पण ती फळलेली नसतात. हे सोपं उत्तर टाळून काही मोठी माणसं गोष्टी रचतात, गरज नाही.

कोंबडीच्या शरीरात डाव्या बाजूचाच बीजकोश कामाचा असतो. तिथे पिवळा बलक वाढतो आणि सुटतो. मग तो एका लांब नळीतून खाली येतो: साधारण तीन तास पांढरा भाग चढायला, तासाभराच्या वर आतली पातळ त्वचा तयार व्हायला, आणि जवळपास वीस तास कवच बनायला. एकूण २४ ते २६ तास. मुलांना सर्वाधिक आवडतो तो पुढचा भाग. चक्र चोवीस तासांहून थोडं मोठं असल्यामुळे कोंबडी रोज जरा उशिरा अंडं घालते, आणि उशीर होत होत दुपार गाठली की एक दिवस खाडा करते. वहीत अंड्याची वेळ लिहिली की हे डोळ्यांना दिसतं. माझ्या मुलीने स्वतः शोधलं की तपकिरी कोंबडीचा खाडा कधी येणार हे दोन दिवस आधी सांगता येतं.

कवच बरंचसं रात्री बनतं, कोंबडी झोपलेली असताना. तेव्हा लागणारं कॅल्शियम पोटातून आणि हाडांतल्या साठ्यातून येतं. एका अंड्याला दोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम जातं. म्हणून शिंपले संध्याकाळीही समोर असावेत.

दिवस मोठा असला की कोंबड्या जास्त घालतात. चौदा ते सोळा तास उजेड लागतो. पावसाळी अंधारात किंवा हिवाळ्यात अंडी घटली, किंवा वर्षातून एकदा पिसं झडून ती बंदच झाली, तर मूल घाबरतं. आधीच सांगून ठेवा.

पहिली अंडी लहान असतात. कधी दोन बलकांचं, कधी कवचच नसलेलं मऊ अंडं येतं. महिनाभरात बस्तान बसतं. कवचाचा रंग जातीवर ठरतो आणि बलकाचा खाण्यावर. तपकिरी अंडं पांढऱ्यापेक्षा पौष्टिक नसतं.

घरच्या घरी करायचे प्रयोग: अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या बोथट टोकाला टॉर्च लावा, हवेची पोकळी दिसेल. एक अंडं व्हिनेगरमध्ये दोन दिवस बुडवा. कवच विरघळतं आणि बुडबुडे निघतात ते कार्बन डायऑक्साइडचे. आजचं आणि तीन आठवड्यांपूर्वीचं अंडं दोन बशांत फोडून शेजारी ठेवा. या प्रयोगांतली अंडी खायची नाहीत.

९. अंडी गोळा करणं आणि ठेवणं

दिवसातून दोनदा गोळा करा. उशीर झाला की अंडं फुटतं, कोंबडी ते चाखते आणि पुढे अंडी खायची खोडच लागते. ती मोडणं फार कठीण.

कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यांवर एक नैसर्गिक लेप. लगेच धुतलं की लेप जातो. किंचित घाण असेल तर कोरड्या खरखरीत कापडाने पुसा. धुवावंच लागलं तर अंड्यापेक्षा जरा गरम पाण्यात धुवा, कारण गार पाण्यात आतला भाग आकसून छिद्रांतून घाण आत खेचली जाते. धुतलेलं अंडं फ्रिजमध्ये ठेवा आणि आधी वापरा. टोकदार बाजू खाली ठेवा. तडा गेलेली अंडी टाकून द्या. मुलांना अंडी पूर्ण शिजवूनच द्या.

पाण्यात तरंगणारं अंडं जुनं असतं, कारण आतली हवेची पोकळी वाढलेली असते. बुडालेलं मात्र निर्धोक आहेच असं नाही. ही चाचणी वय सांगते, जंतू नाही.

एखादी कोंबडी खोक्यातून उठेनाशी झाली, जवळ गेलं की फुगून टोचू लागली, तर ती खुडूक झाली आहे. आजार नव्हे. ती अंडी घालायची थांबते आणि उबवायला बसते. तिच्याखालची अंडी रोज काढा आणि दिवसा ते खोकं बंद ठेवा; मुलांना त्या दिवसांत हात घालू देऊ नका.

१०. वही

वहीत रोज पाच रकाने: तारीख, अंडी, वेळ, खाद्याचं वजन, काही वेगळं दिसलं का. पाचवा रकाना सगळ्यात मोलाचा. मुलं तिथे "काळी आज दाण्यांना आली नाही" असं लिहितात, आणि आजाराची पहिली खूण बहुतेकदा तिथेच सापडते.

गणितही याच वहीत होतं. चार कोंबड्या रोज ४६० ग्रॅम खातात आणि तीन अंडी देतात, तर एका अंड्यामागे किती खाद्य? साधारण दीडशे ग्रॅम. तिसरीतलं मूलही हा भागाकार मन लावून करतं, कारण आकडे त्याने स्वतः तोललेले असतात.

नॉर्वेचे थॉर्लीफ शेल्डरूप-एबे लहानपणी कोंबड्यांकडे तासनतास बघत आणि कोण कोणाला टोचतं याच्या नोंदी ठेवत. त्यातूनच पुढे त्यांनी कळपातली टोचण्याची उतरंड मांडली. त्यांचा निबंध १९२२ साली प्रसिद्ध झाला. तुमच्या चार कोंबड्यांतही ही उतरंड आहे. पायात रंगीत कड्या घाला आणि दाणे टाकल्यावर कोण कोणाला हटवते ते मुलांना लिहू द्या.

११. आजाराच्या खुणा

पिसं फुलवून एकटी उभी, डोळे मिटलेले, खाणं बंद, तुरा फिकट किंवा निळसर, श्वासाला घरघर, मान वाकडी, विष्ठेत रक्त. यातलं एकही दिसलं की ती कोंबडी वेगळी करा आणि पशुवैद्याला फोन करा. पिल्लांमध्ये रक्ती हगवण ओल्या गादीमुळे फैलावते, म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भुसा रोज बदला. मानमोडी आणि देवी या रोगांच्या लसींचं वेळापत्रक पशुवैद्याकडून लिहून घ्या.

अचानक एकापेक्षा जास्त पक्षी मेले तर हात लावू नका, मुलांना लांब ठेवा आणि पशुसंवर्धन खात्याला किंवा पशुवैद्याला लगेच कळवा. बर्ड फ्लूची शंका तिथेच निवारली जाते. औषध चालू असताना आणि संपल्यावरही ठरावीक दिवस अंडी खायची नसतात. किती दिवस ते विचारून वहीत लाल शाईने लिहा.

१२. कोंबडा, म्हातारी कोंबडी आणि नवीन तलंगा

हे बोलणं पिल्लं आणण्याआधीच मुलांशी करा. कोंबडी पाच ते आठ वर्षं जगते, पण भरभरून अंडी पहिली दोन वर्षंच देते. नंतर तिला तशीच सांभाळायची, की दुसऱ्याला द्यायची, की मांसासाठी, हे प्रत्येक घर आपापलं ठरवेल. जे ठरेल ते मुलाला स्पष्ट सांगा. आम्ही सांभाळायचं ठरवलं. "ती शेतावर राहायला गेली" असं खोटं एका ओळखीच्या घरात सांगितलं गेलं आणि ते मूल अजून त्या शेतावर न्यायला सांगतं.

कोंबडी मेली तर मुलाला ती दाखवा, पण हाताळू देऊ नका. हातमोजे घालून तुम्हीच खोल पुरा किंवा तुमच्याकडच्या नियमांप्रमाणे विल्हेवाट लावा. काळी गेली त्या दिवशी मुलीने वहीत तारीख लिहिली आणि तिची एकूण अंडी मोजून खाली मांडली. मी मधे बोलले नाही.

नवीन तलंगा आणाल तेव्हा त्यांना तीन-चार आठवडे पूर्ण वेगळ्या जागी ठेवा, म्हणजे आजार असेल तर कळेल. त्यांचं काम जुन्यांनंतर करा आणि मधे हात धुवा. मग आठवडाभर जाळीच्या पलीकडे, एकमेकींना दिसतील अशा ठेवा. एका रात्री, अंधार पडल्यावर, त्यांना जुन्यांच्या शेजारी दांडीवर बसवा. दाण्यांची आणि पाण्याची दोन-दोन भांडी ठेवा, म्हणजे जुनी कोंबडी एकावर पहारा देत बसली तरी नवीला दुसरं मिळेल. टोचाटोची होणारच, रक्त दिसेपर्यंत मधे पडू नका, आणि रक्त दिसलं तर जखमी पक्षी लगेच बाजूला काढा, कारण लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथेच टोचतात. पहिल्या सकाळी दार उघडायला मोठ्या माणसाने जावं. मुलं मागे उभी राहून मोजतील.